धान्यकोठीचा पत्रा आणि के-घटकाची आकडेमोड

साठवणुकीतील किडींपासून धान्य वाचवायचे तर कोठी हवाबंद हवी, हे सर्वमान्य आहे. चौकोनी पत्र्याच्या कोठीचे झाकण घट्ट बसेल की नाही, हे मात्र पत्रा कापतानाच ठरते. दाणे पोखरणारा भुंगेरा, रायझोपर्था डॉमिनिका, जेमतेम 3 मि.मी. लांबीचा असतो. झाकणाच्या कडेची बारीक फटही त्याला आत शिरण्यास पुरते, आणि धुरीकरण केल्यास फॉस्फीन वायू त्याच फटीतून निसटतो.

पत्रा वाकवताना त्याची आतील बाजू दबते व बाहेरील ताणली जाते. मधल्या एका थराची लांबी मात्र बदलत नाही. तो उदासीन थर. आतील पृष्ठभागापासून या थराचे अंतर भागिले पत्र्याची जाडी म्हणजे के-घटक. कीटकांच्या जीवनसारणीतील के-मूल्याशी त्याचे केवळ नामसाधर्म्य आहे. पोलादी पत्र्यासाठी तो बहुधा 0.3 ते 0.5 या दरम्यान असतो. तक्त्यातील 0.44 हा आकडा सर्रास वापरला जातो. परंतु धातूचा कठीणपणा, साचा व वळणाची त्रिज्या यांनुसार तो बदलत असल्याने चाचणीपट्टी वाकवून पाहणेच श्रेयस्कर.

समजा, 1 मि.मी. जाडीची, 100 मि.मी. लांबीची पट्टी 90 अंशांत वाकवली व आतील त्रिज्या 1 मि.मी. आली. दोन्ही बाजू बाहेरून मोजल्यावर प्रत्येकी 50.9 मि.मी. भरल्या. बेरीज 101.8, म्हणजे वजावट 1.8 मि.मी. त्रिज्या व जाडी यांच्या बेरजेची दुप्पट 4, त्यातून 1.8 वजा केल्यास वळणातील उदासीन थराची लांबी 2.2 मि.मी. मिळते. तिला 1.571 ने भागल्यास त्या थराची त्रिज्या 1.40 येते. त्यातून आतील त्रिज्या 1 वजा करून उरलेल्या 0.40 ला जाडीने भागावे. के-घटक 0.40.

मोजणीत 0.1 मि.मी. चूक झाली तरी येथे के-घटक सुमारे 0.06 ने बदलतो. म्हणून किमान तीन पट्ट्यांची सरासरी घ्यावी आणि जाडी गेज क्रमांकावरून न धरता मायक्रोमीटरने मोजावी.

ही वजावट न धरता बाहेरील मापांची नुसती बेरीज करून पत्रा कापला, तर चार वळणांच्या कोठीचा घेर 7.2 मि.मी. ने वाढतो. मग झाकण ठोकून बसवले जाते आणि कोपऱ्यांत फटी राहतात. झाकणाचा पत्रा वेगळ्या जाडीचा असल्यास त्याची चाचणी स्वतंत्रपणे घ्यावी.