हँग्ड मॅन : उलट्या माणसाने शिकवलेलं

टॅरोचा बारावा पत्ता म्हणजे 'हँग्ड मॅन', लटकलेला माणूस. तो निघाला की समोर बसलेल्याचा चेहरा उतरतो. पत्ते वाचायला लागल्यापासून मला सगळ्यात जास्त शिकवलं ते मात्र याच पत्त्याने.

१. अर्थ सांगण्याआधी चित्र बघू द्यावं.
घाबरलेल्या माणसाला फक्त दोर दिसतो. म्हणून मी पत्ता त्याच्या हातात देते आणि गप्प बसते. हळूहळू एकेक गोष्ट दिसायला लागते. फास गळ्याला नाही, दोर उजव्या पायाला बांधलेला आहे. डावा पाय गुडघ्यात मुडपून मागे घेतलाय, हात पाठीशी आहेत. चेहरा शांत, डोक्याभोवती तेजोवलय. आणि ज्या लाकडाला तो टांगलाय, त्याला हिरवी पानं आहेत! पामेला कोलमन स्मिथ यांनी १९०९ साली लंडनमध्ये आर्थर एडवर्ड वेट यांच्यासाठी हा संच चितारला. त्यात वेदनेची एक रेघही नाही.

२. चित्राचा भूतकाळ माहीत असावा.
पंधराव्या शतकात उत्तर इटलीत टॅरो हा पत्त्यांचा खेळ होता. त्याला गूढविद्येची जोड मिळाली अठराव्या शतकात, फ्रान्समध्ये. पंधराव्या शतकातल्या इटलीत फितूर, गद्दार माणसाची चित्रं उलटी टांगलेल्या अवस्थेत भर चौकातल्या भिंतीवर रंगवत, गावाने बघावं आणि थुंकावं म्हणून. १४७८ मध्ये फ्लॉरेन्समध्ये मेदिची घराण्याविरुद्धचा कट फसला, तेव्हा कटवाल्यांची नाचक्की करणारी चित्रं खुद्द बोत्तिचेल्लीने रंगवली होती. काही जुन्या याद्यांमध्ये या पत्त्याचं नावच 'गद्दार' असं आहे. एका जुन्या संचात तर त्याच्या हातात पैशांच्या थैल्या आहेत. त्यात अनेकांना येशूला विकणारा ज्यूडास दिसतो.

त्याच माणसाभोवती पुढे तेजोवलय आलं. मला या पत्त्याचं सगळं अध्यात्म इथेच दिसतं. ज्या अवस्थेत जगाने त्याची नाचक्की केली, त्याच अवस्थेत त्याला काहीतरी उमगलं. नोकरी गेलेली, लग्न मोडलेली, नातेवाइकांत तोंड दाखवायला लाजणारी माणसं माझ्याकडे येतात. त्यांना मी ही हकिकत सांगते. पुष्कळांच्या खांद्यावरचं ओझं त्यानेच जरा हलकं होतं.

(गीतेच्या पंधराव्या अध्यायातला, मुळं वर असलेला अश्वत्थ आपल्याला आठवणारच. पण या पत्त्याशी त्याचं ऐतिहासिक नातं नाही आणि ते ओढूनताणून जोडू नये.)

३. 'कधी?' या प्रश्नाला हा पत्ता उत्तर देत नाही.
व्हिसा कधी, कोर्टाचा निकाल कधी, घराचा ताबा कधी? जीव टांगणीला लागलेला असतो, प्रश्न रास्तच असतो. आई अतिदक्षता विभागात असलेल्या एका मुलीला हाच पत्ता आला होता. आजाराचा निकाल मी पत्त्यांतून सांगत नाही. तो डॉक्टरांचा प्रांत. मी तिला एवढंच विचारलं, की दिवसभर तू काय करतेस? ती म्हणाली, फोनकडे बघत बसते. मग बराच वेळ ती आईबद्दल बोलत राहिली, आजाराबद्दल नाही, आईबद्दल. जाताना म्हणाली, आज भेटायच्या वेळेत मी तिच्याशी हे सगळं बोलणार आहे. वाट पाहण्याचा काळ रिकामा नसतो, हे मी तिच्याकडून शिकले.

४. 'सहन कर' असं सांगायला हा पत्ता कधीही वापरू नये.
त्याग, समर्पण, शरणागती हे अर्थ पुस्तकात असतात. पण घरी मार खाणारी बाई समोर बसली असेल, तर तिला हे शब्द ऐकवणं पाप आहे. वेट यांच्या चित्रातला माणूस यातनेत नाही. यातना होत असतील तर तो पत्ता तिचा नाही. तिथे पत्ते बाजूला ठेवावेत आणि १८१ ही महिला हेल्पलाइन सांगावी.

५. उलटा आला तर तो उभा दिसतो.
हा पत्ता उलटा निघाला की माणूस एका पायावर नाचल्यासारखा दिसतो. आता मुख्य पत्त्यांतला एकविसावा, शेवटचा पत्ता 'द वर्ल्ड' त्याच्या शेजारी ठेवा. त्यातल्या नर्तिकेचे पायही असेच दुमडलेले आहेत. मधे तेराव्या क्रमांकावर 'डेथ' आहे, सोळाव्यावर कोसळणारा मनोरा आहे, आणि तरीही शेवटी तोच पाय नृत्यात दिसतो. या दोन पत्त्यांकडे मी कितीही वेळ बघत बसू शकते.

६. 'बाराव्या पत्त्याचा दोष' असं काही नसतं.
हा पत्ता दाखवून कोणी घाबरवत असेल, शांतीचे, खड्यांचे किंवा तोडग्याचे पैसे मागत असेल, तर पत्ता टेबलावर ठेवा आणि उठून घरी या.