३.४ शास्त्रीय लेखनातील रूपक : ‘ओझोनचे छिद्र’

‘ओझोनचे छिद्र’ या संज्ञेचा वाच्यार्थ घेऊ नये. १९७८ मध्ये सोडलेल्या निंबस-७ पासून उपग्रह वातावरणातील ओझोन मोजत आहेत. अंटार्क्टिकावर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ज्या क्षेत्रात ओझोन २२० डॉब्सन एककांहून कमी होतो, त्यास ‘छिद्र’ म्हणतात. तेथे थर फाटत नाही, विरळ होतो. तरीही या रूपकाने अदृश्य संकट सर्वसामान्यांना जाणवून दिले. १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर क्लोरोफ्लुरोकार्बनचा वापर घटला. स्थितांबराच्या वरच्या भागातील ओझोन सावकाश वाढत असल्याचे उपग्रहांच्या नोंदी दर्शवितात. म्हणून ‘छिद्र बुजले’ हे विधान सदोष ठरते; ‘भरून येत आहे’ हा अपूर्ण वर्तमानकाळच येथे यथार्थ होय.

स्वाध्याय : वृत्तपत्रातील एका शास्त्रीय रूपकाचा वाच्यार्थ व लक्ष्यार्थ स्पष्ट करा.