दोन खड्डे व जुना विटाळ

शास्त्रपाठ : अनुवाद २३:१२-१४, योहान १३:१-१५

अनुवादांतील ह्या वचनांवर आमच्या मंडळ्यांत उपदेश क्वचितच होतो. विषय लाजेचा वाटतो. परंतु इस्राएलाच्या छावणीचा नियम पाहा : छावणीबाहेर जागा ठरवावी, प्रत्येकानें हत्यारांबरोबर खणण्याचें साधन बाळगावें, व आपला मळ आपणच मातीनें झांकावा. हें काम कोणा एका वंशावर सोंपविलेलें नाहीं. यहूदाचा असो कीं बन्यामिनाचा, ज्यानें त्यानें आपली माती लोटावयाची.

आमच्या देशांत उलट घडलें. मैला काढण्याचें काम जन्मावरून ठराविक जातींच्या माथीं मारण्यांत आलें, आणि मग त्या माणसांचाहि विटाळ मानण्यांत आला. ह्याचा रोगराईशीं काय संबंध, असें कोणी विचारील.

खेड्यांकरितां सरकारनें दोन खड्ड्यांचा संडास सुचविलेला आहे. एक खड्डा भरला म्हणजे मैल्याची वाट दुसऱ्याकडे वळवावयाची व पहिला झांकून ठेवावयाचा. खड्ड्याच्या भिंतींस भोंकें असतात. पाणी जमिनींत मुरतें व मैल्याची कोरडी, वास नसलेली माती होते. ती फावड्यानें काढून शेतांत टाकावी, इतकेंच. पण येथेंच गाडें अडतें. ‘उपसणार कोण?’ हा प्रश्न मैल्याचा नसून जातीचा आहे. म्हणून कोणी ऐपतीबाहेर खर्च करून भलें खोल टांकें बांधितो. कोणी संडासांत सरपण भरतो. कोणी तो म्हाताऱ्यांकरितां व सुनांकरितां राखून आपण शेतांत जातो. २०१४ सालीं बिहार, हरयाणा, मध्य प्रदेश, राजस्थान व उत्तर प्रदेश येथील खेड्यांची पाहणी झाली. तींत असें आढळलें कीं, चालू संडास असलेल्या घरांपैकीं शेंकडा ४० हून अधिक घरांत एक तरी माणूस उघड्यावरच जात होता. मग पावसाळ्यांत तीच घाण पाण्यांत उतरते. हगवण व जंत ह्यांनीं लहान मुलें खंगतात, त्यांची वाढ खुंटते. माशी तर कोणाचीच शिवाशीव पाळीत नाहीं.

आणि खोल टांकें? तें केव्हां तरी भरतेंच. १९९३ व २०१३ च्या कायद्यांनीं माणसाकडून मैला उचलविण्यास बंदी झाली, तरी टांक्यांत उतरून गुदमरल्यानें माणसें मरतात. आपला खड्डा आपण उपसावयाचा नाहीं असें ज्यानें ठरविलें, त्यानें दुसऱ्या कोणास तरी त्यांत उतरविण्याचें योजिलेंच आहे.

कोंकणांत आप्पासाहेब पटवर्धन ह्यांनीं ही गांठ ओळखली होती. जन्मानें ब्राह्मण असून १९३२ सालीं रत्नागिरीच्या तुरुंगांत त्यांनीं भंगीकाम मागितलें, व नकार मिळतांच उपोषणाचा मार्ग धरला. पुढें कणकवलीजवळ गोपुरी येथें त्यांनीं मैल्याचें खत करण्याचे प्रयोग केले. ते ख्रिस्ती नव्हते. तरी प्रभूच्या हातांतील तें गंगाळ व तो रुमाल आम्हांस येथें आठवतात.

आतां आपल्याकडे वळूं. आमच्यापैकीं पुष्कळांच्या वाडवडिलांनीं गांवची घाण उचलण्याचें ओझें वाहिलें. झाडूचें नांव निघतांच कांहीं बंधूंचा चेहरा उतरतो, ह्याबद्दल आम्ही त्यांस दोष देत नाहीं. परंतु मंडळीचा संडास कोण धुतो? नेहमीं एकाच गरीब घरची बाई काय? तसें असल्यास उपदेशकांनीं पाळी लावावी, पहिली आपली व दुसरी पंचांची. खड्डा विहिरीपासून दूर खणावा. तो उघडावयाचा असेल तेव्हां शेजाऱ्यांस बोलवावें, व प्रथम फावडें पाळकसाहेबांनीं धरावें. मात्र खड्डा झांकून निदान एक वर्ष, शक्य तर दोन, जाऊं द्यावीं; घाई केल्यास त्यांत जंतांचीं अंडीं जिवंत राहतात.