शाळेचे दार कोणत्या बाजूला उघडते?

मंठा तालुक्यातल्या एका गावी आम्ही प्रौढांच्या वर्गाला गेलो होतो. वर्ग रात्री शाळेतच भरे. आषाढाचे दिवस होते. बाहेर पाऊस होता. वीस-बावीस माणसे सतरंजीवर बसून पाटीवर अक्षरे काढत होती. तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडले, "साप! साप!"

सगळे एकदम उठले आणि दाराकडे धावले. दार नुसते लोटलेले होते. कडी नव्हती, कुलूप नव्हते. पण ते आत उघडणारे दार होते. पुढच्या माणसाला ते आपल्याकडे ओढायचे होते आणि मागची माणसे त्याला दारावरच रेटत होती. मग दार उघडणार कसे? एका आजींचा हात दारात दाबला गेला. शेवटी गुरुजींनी ओरडून लोकांना मागे सारले, तेव्हा कुठे दार उघडले.

आणि साप? साप नव्हताच. दोरीचा तुकडा होता.

मंडळी हसू लागली. आजी मात्र हसल्या नाहीत. हात चोळत म्हणाल्या, "आपण एवढी मोठी माणसं. आपलं हे असं झालं. दिवसा हितं पन्नास लेकरं बसतेत. त्यांचं काय व्हईल, गुरुजी?"

गुरुजी काही बोलले नाहीत. आम्हीही काही बोललो नाही. त्या प्रश्नावरून हा पाठ लिहिला आहे.

तमिळनाडूत कुंभकोणम नावाचे शहर आहे. तिथल्या एका शाळेत १६ जुलै २००४ रोजी मुलांच्या जेवणाचा स्वयंपाक चालला होता. स्वयंपाकाच्या जागी आग लागली. ती शाकारलेल्या छपराला भिडली. वरच्या मजल्यावर लहान मुले बसली होती. जिना अरुंद होता. ९४ मुले गेली. पुढे १३ एप्रिल २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने देशातल्या शाळांसाठी हुकूम दिला. शाळेत आग विझवण्याचे साधन हवे आणि ते चालवायला शिक्षकांना शिकवलेले हवे, असे त्यात सांगितले आहे.

तुम्ही म्हणाल, आमच्या शाळेला कुठे गवताचे छप्पर आहे? खरे आहे. आपल्या जिल्ह्यातल्या शाळा स्लॅबच्या आहेत, नाहीतर पत्र्याच्या. पण खिचडी तर रोज शिजते ना? मग एकदा जाऊन पाहा. चूल किंवा गॅस वर्गाला लागून आहे का? पऱ्हाट्यांचा आणि तुराट्यांचा भारा कुठे रचला आहे? पुष्कळ ठिकाणी तो व्हरांड्यात असतो. म्हणजे मुलांच्या बाहेर पडण्याच्या वाटेवरच! पावसात भिजू नये म्हणून मावशी तो तिथे ठेवतात. मावशींना दोष देऊ नका. त्यांना एक पत्र्याची शेड करून द्या.

भिंतीवर तांबडे नळकांडे टांगलेले असेल. आग विझवायचे ते हेच. त्यावर एक चिठ्ठी असते. तिच्यावर तारीख असते. आता तुम्हाला वाचता येते. ती तारीख वाचा. मुदत संपली असेल तर मुख्याध्यापकांना सांगा. एका शाळेत हे नळकांडे आम्हाला कपाटात कुलूपबंद सापडले. का, तर चोरीला जाऊ नये म्हणून! आग काही किल्ली सापडेपर्यंत थांबत नाही.

आता भूकंपाचे पाहू.

किल्लारी आपल्याच मराठवाड्यातली. ३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हादरली. घरे दगडमातीची, भिंती हात-दीड हात रुंद, वर मातीचे जड माळवद. तेच माळवद झोपलेल्या माणसांवर आले. साडेसात हजारांहून जास्त माणसे मेली. शाळा त्या वेळी रिकाम्या होत्या. पण भूकंप काही रात्रीच येतो असे नाही. २०२४ साली मार्चमध्ये आणि जुलैमध्ये हिंगोली जिल्ह्यात धक्के बसले, ते दोन्ही सकाळी. परतूर आणि मंठा तालुक्यांना लागून असलेल्या परभणी जिल्ह्यातही ते जाणवले.

जमीन हलू लागली म्हणजे मुलांनी काय करावे? लगेच दाराकडे पळू नये. पळताना चेंगराचेंगरी होते, आणि दारावरचे काही डोक्यात पडू शकते. बाक असेल तर त्याखाली शिरावे आणि त्याचा पाय घट्ट धरावा. आपल्या बऱ्याच शाळांत बाक नाहीत. तिथे खिडकीपासून आणि कपाटापासून दूर, आतल्या भिंतीच्या कोपऱ्यात बसावे. डोक्यावर दप्तर धरावे. हलणे थांबले की ओळीने बाहेर पडून मैदानात जावे. भेगा पडलेल्या, माती-दगडाच्या जुन्या खोलीत मात्र आडोसा कसला? तिथे दाराशी असलेल्याने झटकन उघड्यावर जावे. खरे म्हणजे अशा खोलीत वर्ग भरूच देऊ नये.

मैदान असे आम्ही मुद्दाम म्हणतो, गल्ली नव्हे. २६ जानेवारी २००१ रोजी गुजरातेत भूकंप झाला. कच्छमधल्या अंजार गावात शाळेची मुले झेंडे घेऊन फेरीला निघाली होती. फेरी अरुंद गल्लीत असताना दोन्ही बाजूंची घरे कोसळली. १८५ मुले आणि २० शिक्षक तिथे गेले. ती शाळेत नव्हती, घरात नव्हती, बाहेरच होती. पण बाहेर म्हणजे कुठे, याला महत्त्व आहे.

विजेचे मात्र सगळे उलटे आहे. भूकंपात मैदान बरे, विजेत मैदान वाईट. जालना जिल्ह्यात भूकंपापेक्षा विजेची भीती रोजची. मृगाच्या आधी आणि परतीच्या पावसात, दुपारनंतर आभाळ भरून येते. नेमकी तीच शाळा सुटायची वेळ. मुले वस्तीवर जायला निघतात. वाटेत कपाशीचे नाहीतर सोयाबीनचे रान असते आणि मध्ये एक लिंबाचे झाड. पाऊस आला की मुले त्या झाडाखाली जातात. आपणच लहानपणी त्यांना तसे शिकवले आहे. पण वीज उंच वस्तूवर पडते. त्या रानात सगळ्यांत उंच ते झाडच असते.

इथे मोजणी उपयोगी पडते. वीज आधी दिसते, आवाज मागून येतो. आवाजाला एक किलोमीटर यायला सुमारे तीन सेकंद लागतात. वीज चमकली की एक, दोन, तीन असे सावकाश मोजा. तीस मोजायच्या आत गडगडले, तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. मग शाळा सुटली तरी मुलांना सोडू नये. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास त्यांना वर्गात बसवावे. खिडकी, नळ आणि विजेची बटणे यांच्यापासून दूर. घरी आई काळजीत पडेल, हे आम्हाला कळते. म्हणून हे आईला आधीच माहीत पाहिजे. वीज कुठे पडण्याचा संभव आहे हे सांगणारे 'दामिनी' नावाचे ॲप फोनवर मिळते. ते पुण्याच्या शास्त्रज्ञांनी केले आहे. गुरुजींनी ते घेऊन ठेवावे.

एक गैरसमज अजून गावोगाव आहे. वीज पडलेल्या माणसाला शिवू नये, म्हणतात. अहो, त्याच्या अंगात वीज राहत नाही! त्याला लगेच शिवावे. श्वास चालत नसेल तर छातीच्या मधोमध दोन्ही तळवे ठेवून जोराने आणि भराभर दाबत राहावे. दुसऱ्याने १०८ ला फोन करावा.

मंठ्याच्या त्या गावी पुढे काय झाले? आजींनी पाठ सोडली नाही. शाळा व्यवस्थापन समितीची बैठक होती, तिथे त्या नातवाचा हात धरून गेल्या. ही समिती २००९ च्या शिक्षण हक्काच्या कायद्याने झालेली आहे. तिच्यात चारांत तीन सभासद पालक असावे लागतात, आणि निम्म्या बायका. तेव्हा समिती म्हणजे आपणच. दार बाहेर उघडणारे करायचे ठरले. सुताराला चौकटीसकट एक दिवस लागला. तोवर वर्ग भरला की दार सताड उघडे ठेवायचे आणि मागे वीट लावायची. महिन्यातून एकदा घंटा वाजवून मुलांना बाहेर काढायचे आणि हजेरीपट घेऊन मोजायचे. एका मुलाला चालता येत नाही. त्याला उचलायला सातवीची दोन मुले नेमली. पहिल्या खेपेला मोजले तेव्हा एक मूल कमी भरले. ते मोरीवर गेले होते! तेव्हापासून एक मुलगी मोरीकडे बघून येते.

त्या बैठकीत आजींनी स्वतः लिहिलेला अर्ज दिला. तो असा होता. तुम्हाला हवा तर उतरवून घ्या. गावाचे नाव आपले घाला.

प्रति,
अध्यक्ष, शाळा व्यवस्थापन समिती,
जिल्हा परिषद प्राथमिक शाळा, मु. ............

विषय : वर्गाचे दार बाहेर उघडणारे करणे.

महोदय,
माझा नातू तिसरीत आहे. त्याच्या वर्गाचे दार आत उघडते. पळायची वेळ आली तर ते उघडणार नाही. माझा हात त्यात सापडला होता. तरी दार बाहेर उघडणारे करावे. दाराजवळ सरपण ठेवू नये. काम कधी होईल ते मला लिहून कळवावे. मला वाचता येते.

तारीख ............

आपली,
(सही)