रसायनशास्त्राच्या वर्गात पाऊल ठेवताना

दहावीनंतर विज्ञान शाखा घ्यावी की नाही, हा निर्णय आपल्या समाजातील अनेक घरांत रसायनशास्त्राच्या नावापाशी येऊन अडतो. हा विषय म्हणजे न संपणारी समीकरणे आणि जिभेवर न बसणारी नावे, अशी समजूत पालकांकडून पाल्यांपर्यंत पोहोचलेली असते. ज्या घरातील पहिलीच पिढी अकरावीची पायरी चढत आहे, तेथे ही समजूत दूर करणारे कोणी जवळ नसते. एखाद्या गुणी मुलीने केवळ ऐकीव भीतीपोटी आपली वाट बदलावी, हे आम्हांस योग्य वाटत नाही. म्हणून या विषयात दोन वर्षे काय शिकावयाचे असते आणि विद्यार्थ्याकडून नेमकी कोणती अपेक्षा असते, हे येथे मांडत आहोत.

अभ्यासक्रमाचा आवाका

राज्य मंडळाच्या बारावीच्या परीक्षेत रसायनशास्त्रासाठी लेखी ७० आणि प्रात्यक्षिक ३० असे १०० गुण असतात. विषयाच्या मुख्य शाखा तीन. भौतिक रसायनशास्त्रात अणूची संरचना, द्रावणे, रासायनिक समतोल, ऊष्मागतिकी, विद्युत रसायन आणि अभिक्रियेचा वेग हे घटक येतात. येथे गणित लागते.

अकार्बनी रसायनशास्त्र आवर्त सारणीभोवती फिरते. सारणी ही पाठ करावयाची यादी नसून नकाशा आहे, हे प्रथम ध्यानी घ्यावे. मेंडेलीव्ह यांनी १८६९ मध्ये सारणी मांडली, तेव्हा काही जागा रिकाम्या ठेवल्या आणि तेथे येणाऱ्या मूलद्रव्यांचे गुणधर्म आधीच सांगितले. १८७५ मध्ये गॅलिअम सापडले आणि ते त्या रिकाम्या जागेत बसले. ज्याला सारणीतील दिशा कळली, त्याला प्रत्येक मूलद्रव्य वेगळे घोकावे लागत नाही.

कार्बनी रसायनशास्त्रात संयुगे असंख्य, पण कुळे मोजकी. रेणूतील क्रियात्मक गट ओळखला की त्याचे वर्तन बरेचसे कळते. इथेनॉलचे ऑक्सिडीकरण झाले की इथेनॉइक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधील आम्ल तयार होते. या एका उदाहरणावरून अल्कोहोलपासून आम्लापर्यंतची वाट समजते. अखेरीस हीच शाखा प्रथिने, शर्करा आणि बहुवारिकांपर्यंत जाते.

पहिली पायरी : मोल

आमच्या अनुभवात विद्यार्थी अडखळतो तो बहुधा पहिल्याच प्रकरणात, ‘मोल’ या संकल्पनेपाशी. तेथे पाय घट्ट रोवला तर पुढील निम्मा अभ्यासक्रम सोपा होतो.

बाजारात केळी डझनाने मोजतात, कागद रिमाने मोजतात. वस्तू जितकी लहान, तितका मोजण्याचा गठ्ठा मोठा. अणू व रेणू इतके सूक्ष्म की त्यांच्यासाठी ६.०२२ गुणिले १० चा तेविसावा घात एवढा प्रचंड गठ्ठा घ्यावा लागतो. या गठ्ठ्याचे नाव मोल. त्याची सोय अशी की तो तराजूवर तोलता येतो. १२ ग्रॅम कार्बन म्हणजे एक मोल अणू, १८ ग्रॅम पाणी म्हणजे एक मोल रेणू. न दिसणाऱ्या कणांची गणती तराजूने करण्याची ही युक्ती आहे.

चुन्याच्या भट्टीचे उदाहरण घेऊ. शुद्ध चुनखडी, म्हणजे कॅल्शिअम कार्बोनेट, हिचे मोलर वस्तुमान १०० ग्रॅम. १०० ग्रॅम चुनखडी पूर्ण भाजली की ५६ ग्रॅम कळीचा चुना उरतो आणि ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड वायू निघून जातो. दोहोंची बेरीज पुन्हा १०० होते. मग ५० ग्रॅम चुनखडीतून चुना किती? २८ ग्रॅम. येथे लागलेले गणित शाळेत शिकलेल्या त्रैराशिकाचेच आहे.

दुसरे उदाहरण जलसंजीवनीचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार एक लिटर द्रावणासाठी १३.५ ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, १.५ ग्रॅम पोटॅशिअम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम ट्रायसोडिअम सायट्रेट लागते, एकूण २०.५ ग्रॅम. ग्लुकोजचे मोलर वस्तुमान १८० ग्रॅम, म्हणून १३.५ ला १८० ने भागले की ०.०७५ मोल प्रतिलिटर ही संहती मिळते. पाकीट अर्ध्या लिटर पाण्यात घातले तर ती दुप्पट होते आणि द्रावण गुणाऐवजी अपाय करू शकते. जुलाबाने कोमेजलेल्या बालकाच्या आईने पाणी मोजून का घ्यावे, याचे उत्तर या एका भागाकारात आहे.

भाषेचा उंबरठा

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांपुढे आणखी एक अडचण असते. अकरावीत विज्ञान सामान्यतः इंग्रजीतून शिकवले जाते. आम्लारी एका दिवसात ‘बेस’ होते, क्षपण ‘रिडक्शन’ होते, संयुजा ‘व्हॅलन्सी’ होते. मुलाला वाटते, आपल्याला विषयच येत नाही. वस्तुतः संकल्पना त्याच्याजवळ असते. तिचे नवे नाव तेवढे त्याला ठाऊक नसते. यासाठी तीन रकान्यांची वही घालावी : मराठी संज्ञा, इंग्रजी संज्ञा, आणि स्वतः शोधलेले एक उदाहरण. रोज पाच शब्द लिहिले तरी तीन महिन्यांत साडेचारशे होतात. हा उंबरठा एकदाच ओलांडावा लागतो.

प्रयोगशाळेतील शिस्त

सुरक्षेचे नियम प्रथम. आम्ल विरल करताना पाण्यात आम्ल थोडे थोडे घालावे, आम्लात पाणी कधीही ओतू नये. निर्माण होणाऱ्या उष्णतेने द्रावण उसळून अंगावर येते. पिपेट तोंडाने ओढू नये. कोणताही पदार्थ चाखू नये. केस बांधलेले असावेत, डोळ्यांवर चष्मा असावा.

यानंतरची अपेक्षा अधिक मोलाची आहे. अनुमापनात ब्युरेटमधून अल्कली थेंबाथेंबाने सोडतात आणि फिनॉल्फ्थॅलिनमुळे शंकुपात्रातील रंगहीन आम्ल फिकट गुलाबी झाले की वाचन घेतात. शेजाऱ्याचे वाचन ९.८ मिलिलिटर आणि आपले १०.४ आले, तर वहीत १०.४ च लिहावे. मग कारण शोधावे : ब्युरेटच्या टोकाशी हवेचा बुडबुडा राहिला होता काय? डोळा द्रवाच्या पातळीशी समरेषेत होता काय? मग प्रयोग पुन्हा करावा. वाचन खोडून शेजाऱ्याचा आकडा लिहिणाऱ्यास कदाचित एखादा गुण मिळेल; पण रसायनशास्त्र त्याच्या हाती लागणार नाही. जे दिसले तेच लिहिणे, हीच या वर्गाची मुख्य अपेक्षा होय.

पालक आणि माजी विद्यार्थ्यांस

मुलींच्या पालकांस एक नाव आवर्जून सांगतो. कमला सोहोनी यांनी १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची पदवी घेतली, तेव्हा केवळ स्त्री म्हणून बंगळूरच्या विज्ञान संस्थेत त्यांना प्रवेश नाकारण्यात आला. त्या मागे हटल्या नाहीत. प्रवेश मिळवला, आणि १९३९ मध्ये केंब्रिजची डॉक्टरेट संपादन केली. पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेच्या संचालकपदापर्यंत त्या पोहोचल्या. दारे त्या काळी अधिक घट्ट बंद होती.

पालकांनी गुणांची चौकशी करण्याआधी ‘आज वर्गात काय पाहिलेस?’ एवढे विचारावे. उत्तर समजले नाही तरी चालेल. सांगता सांगता मुलाचे स्वतःचे समजणे पक्के होते. माजी विद्यार्थ्यांनी सुट्टीत वसतिगृहात यावे, दोन उदाहरणे मुलांसोबत सोडवावीत, आपली जुनी पुस्तके व संज्ञांच्या वह्या द्याव्यात. ज्या बाकावर आपण बसलो होतो, त्याच बाकावर बसलेल्या मुलास ‘मलाही हे प्रथम कळले नव्हते, नंतर कळले’ असे सांगणारा माणूस हवा असतो. ते सांगण्याचा अधिकार आमच्याहून आपला मोठा आहे.