कंठातील ग्रंथी व रक्ताची परीक्षा

काही वर्षांपूर्वी आमच्या वर्गात एक मुलगी होती. ती तासाला पेंगे, पाठ केलेले विसरे, आणि एप्रिलच्या वऱ्हाडी उन्हातही अंगाभोवती ओढणी लपेटून बसे. आम्ही तिला आळशी ठरविले व तिच्या आईबापांसही तसे कळविले. पुढे डॉक्टरांनी तिचे रक्त तपासविले, तेव्हा आमचा शेरा खोटा ठरला.

गळ्यात कंठमण्याच्या खाली फुलपाखराच्या आकाराची थायरॉइड नामक ग्रंथी असते. अन्नातील आयोडीन घेऊन ती टी-३ व टी-४ हे स्राव तयार करते. शरीराची ऊब, हृदयाची गती, मुलांची वाढ व बुद्धी ही त्यांवर अवलंबून असतात. स्राव उणा पडला की थकवा, थंडी, बद्धकोष्ठ ही लक्षणे दिसतात. परंतु रक्तक्षयातही माणूस थकतोच, तेव्हा नुसत्या चेहऱ्यावरून निदान होत नाही.

येथे टी. एस. एच. ची परीक्षा उपयोगी पडते. हा स्राव मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीचा. बैल मंदावला की धुरकरी तुतारी अधिक टोचतो, तद्वत् थायरॉइड मंदावली की टी. एस. एच. वाढते, ती अतिवेगाने चालू लागली की ते उतरते. प्रौढांत साधारणतः ०.४ ते ४ हा अंक ठीक मानतात; वय, गर्भारपण व प्रयोगशाळा यांप्रमाणे त्यात फरक पडतो. क्वचित धुरकरीच आजारी असतो, म्हणून टी-४ ही पाहावे लागते. रक्तातील इतके सूक्ष्म द्रव्य मोजण्याची युक्ती न्यूयॉर्कच्या रोझालिन यॅलो व सॉलोमन बर्सन यांनी शोधिली; यॅलोबाईंस १९७७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्याकडे मुंबईस परळ येथे १९६३ साली निघालेल्या रेडिएशन मेडिसिन सेंटरात थायरॉइडच्या विकारांवर पुष्कळ काम झाले आहे.

परीक्षेस उपाशी राहण्याची सहसा गरज नसते. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असल्यास मात्र आधी सांगावे, कारण त्यांनी अंक चुकतो. पूर्णाकाठच्या खारपाण पट्ट्यातील काही पालक विचारतात की, आमचे पाणीच खारट, मग आयोडीनचे मीठ कशाला? खारटपणा म्हणजे आयोडीन नव्हे, हेच त्यास उत्तर.

त्या मुलीस रोज सकाळी अनशापोटी एक गोळी सुरू झाली. दोन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासले, तेव्हा अंक उतरला होता. आम्ही तिच्या घरी जाऊन तिची व तिच्या आईबापांची क्षमा मागितली.