कोयता उचलण्याआधी

भाचेबुवा, नव्या घरात लाकडाचं नाव नको, सगळं बांबूचंच करायचं ठरवलंयस म्हणे. तुझ्या आईनं फोनवर सांगितलं. ऐकून बरं वाटलं आणि थोडं हसूही आलं; हाच उत्साह मला तिशीत आला होता आणि त्यापायी गोठा दोनदा बांधावा लागला. तुझ्यावर ती पाळी नको, म्हणून लिहितोय.

१. बांबूला झाड म्हणू नकोस, गवत म्हण — कोंब एका पावसाळ्यात पुरी उंची गाठतो, आणि काठी तोडली तरी बेट जिवंत राहून पुढच्या पावसात नवे कोंब देतं. साग आज लावलास तर चौकट नातवाच्या लग्नाला.

२. परसातल्या काठीला परवाना लागेल म्हणून घाबरू नकोस — १९२७च्या वन कायद्यानं या गवताला झाडांत बसवलं होतं; २०१७ साली जंगलाबाहेरचा बांबू त्यातून सुटला. नव्वद वर्षं लागली, पण सुटला.

३. तीन वर्षांखालच्या काठीला हात लावू नकोस — कोवळी काठी सुकताना आकसते आणि किडीला गोड लागते. वाढला म्हणून पिकला नाही, मिशी फुटली म्हणून शहाणा झाला नाही.

४. दरवर्षी नव्या काठ्यांवर रंगाची पट्टी ओढत जा, सालागणिक रंग वेगळा — चौथ्या वर्षी सगळ्याच काठ्या सारख्या दिसतात आणि आपली आठवण दगा देते.

५. तोड दिवाळीनंतर, थंडीत — तोवर नवे कोंब पोसून काठीतलं पिष्ट कमी झालेलं असतं, आणि त्या पिष्टावरच भुंगा जगतो. मी श्रावणात तोडला होता, गोठा कोसळला म्हणून, घाईनं. पुढच्या उन्हाळ्यात रात्री कुरकुर ऐकू यायची आणि सकाळी प्रत्येक वाशाखाली पिवळट पिठाची ढिगोळी. तुझी मामी म्हणाली, दळण बरं बारीक येतंय. दोन वर्षांत वासा बोटानं दाबला तरी फुटायचा. जुनी माणसं अमावास्याही बघायची. मीही बघतो, का ते विचारू नकोस.

६. कोयता जमिनीलगतच्या पेराच्या अगदी वर मार — वर नळी उरली तर त्यात पाणी साठून बुंधा कुजतो. आपला माणगा जवळजवळ भरीव, तो चूक पोटात घालतो. कळक घालत नाही.

७. कडेच्या काठ्या सोड, आतल्या जुन्या काढ — नवे कोंब बाहेरच्या अंगाला फुटतात. आत शिरताना अंग ओरबाडतं खरं, पण सोपं ते तोडलं, बेट मोडलं.

८. काठ्या तीन-चार आठवडे व्हाळाच्या वाहत्या पाण्यात दगडाखाली दाबून ठेव, मग सावलीत उभ्या करून सुकव — पाण्यात पिष्ट धुऊन जातं, आणि कडक उन्हात काठी तडकते. पाण्यातून काढल्यावर वास येतो, शेजाऱ्यांना आधीच सांगून ठेव. बोरॅक्स-बोरिकच्या पाण्यात मुरवल्यास तर उत्तम, पण ते औषध पावसात धुऊन जातं, म्हणून अशी काठी छपराखालीच वापरायची.

९. खांब मातीत पुरू नकोस, जांभ्याच्या चिऱ्यावर उभा कर — पुरलेली साधी काठी दोन-तीन पावसाळ्यांत बुडाशी कुजते. मग काठी लवकर वाढली याचं कौतुक कुणी करायचं? दर तीन वर्षांनी नवी तोडायची तर सागानं काय घोडं मारलं होतं?

१०. थेट खिळा ठोकू नकोस, आधी भोक पाड नि सुंभानं आवळ — बांबूचे धागे सरळ उभे, खिळा घुसला की काठी पेरापर्यंत चिरते.

११. दुकानात 'बांबू' लिहिलं की भुलू नकोस — ते मऊ कापड बहुतेक वेळा बांबू रसायनात विरघळवून काढलेलं व्हिस्कोस असतं, आणि गुळगुळीत फळीत काठीबरोबर गोंदही असतो. बुरडाच्या सुपात मात्र काठी आणि त्याचे हात, एवढंच.

१२. आणि हे जरा मनावर घे: आजोळचं सागवानी कपाट आणि फणसाचे पाट भंगारात काढू नकोस — ती झाडं तुझ्या पणजोबांच्या वेळीच पडली, कपाट मोडून ती परत उभी राहणार नाहीत. बिजागऱ्यांना तेल घाल, एक पाय कुरतडलाय तिथं माणग्याचा तुकडा बसव. नवं कमी करावं लागणं, यासारखी बचत नाही.

मार्गशीर्षात ये. विहिरीकडच्या बेटात निळ्या पट्टीच्या काठ्या तुझ्यासाठी राखल्यात. कोयत्याला धार मी लावून ठेवतो. थंडीत व्हाळात उतरायचं काम तुझं.